शहाण्णव वेढे

सूत मोजायला बसलं की बोलायचं नाही. मध्ये शब्द निघाला की मोड आला. मोड आलेलं सूत वातींच्या डब्यात टाकायचं आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. हा नियम माझा नव्हता, नगरच्या राधाकृष्णशास्त्र्यांचा होता. माझा असता तर मी पहिल्याच दिवशी मोडला असता, कारण गप्प बसायला मला माहेरी कुणी शिकवलं नाही आणि सासरी कुणाला ते शिकवणं जमलं नाही.

शास्त्रीबुवा आम्हा आठ-दहा जणींकडून जानवी करून घेत. कुणी पाथर्डीची, कुणी जामखेडची, मी कर्जतची. सगळ्या पन्नाशी उलटलेल्या, आणि प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं. "घर सोडून जाता येत नाही अशाच बायका तुम्ही हेरून ठेवल्यात," असं मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं. ते हसले. म्हणाले, "वहिनी, ज्यांना घर सोडता येत नाही त्यांचंच सूत एकसारखं निघतं." यात खोटं काही नव्हतं. सकाळी करा, दुपारी करा, दुखणेकऱ्याचं करून उरलेल्या वेळात करा, त्यांची हरकत नसे. श्रावणीला जानवी बदलतात, त्याआधी आकडा पुरा झाला पाहिजे, एवढंच.

काम दिसायला सोपं. चातीवर, म्हणजे टकळीवर, बारीक सूत काढायचं. डाव्या हाताची चार बोटं जुळवायची आणि त्यांना सुताचे शहाण्णव वेढे घ्यायचे. तेवढं सूत तिपेडी करून पीळ द्यायचा, पुन्हा तिपेडी करून पुन्हा पीळ द्यायचा, असे नऊ पदर झाले की वर ब्रह्मगाठ. गाठ मारताना गायत्री म्हणावी लागते आणि ती बायकांनी म्हणायची नाही, म्हणून गाठी आमच्या घरी हे मारत. हे म्हणजे माझे यजमान. ह्यांचं नाव उखाण्याशिवाय मी कधी घेतलं नाही. गावात त्यांना नृसिंहमास्तर म्हणत.

शास्त्रीबुवांचा आणखी एक नियम होता. सूत सुवासिनीच्या हातचंच हवं. पुष्कळ गावांत विधवा बायका जानवी करतात, पुरुष ती घालतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण शास्त्रीबुवांना ते चालत नसे. त्यांच्याकडून जानवी नेणारी घरं जुन्या वळणाची, ती आधी हेच विचारून घेत.

म्हणजे हे होते तोवर मला काम होतं, आणि काम होतं तोवर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. काम गेलं की शामकांताच्या घरी राहायला जायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. शामकांत ह्यांचा पुतण्या, कर्जतलाच मामलेदार कचेरीत कारकून. मुलगा वाईट नाही. आम्हाला मूलबाळ नाही म्हणून सणावाराला ताट घेऊन यायचा. पण त्याची बायको नीलांबरी मला एकदा म्हणाली होती, "काकू, तुमच्यासाठी माजघरातला कोपरा रिकामा करून ठेवलाय." हे तेव्हा चांगले जिवंत होते, समोर पडून ऐकत होते. तो कोपरा माझ्या मनातून कधी गेला नाही.

ह्यांना अर्धांगाचा झटका आला त्याला अडीच वर्षं झाली होती. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. पाणी म्हणता येईना, माझं नाव घेता येईना. पण गायत्री मात्र सबंध यायची, स्वच्छ, एक अक्षर न गाळता. वैद्य म्हणाले, असं होतं कधी कधी. मी म्हटलं, बरं झालं, निदान कामाचं तेवढं राहिलं. वैद्यांना ते आवडलं नसावं.

मग आम्ही गाठी मारायची एक रीत बसवली. दुपारी ह्यांना पुसून घ्यायचं, धूतवस्त्र पांघरायचं, उशांना टेकून बसवायचं. ह्यांच्या उजव्या हाताच्या जागी माझी दोन बोटं. हे डाव्या हाताने पदर फिरवत, मी बोटाने धरून ठेवी, हे पुटपुटत आणि गाठ बसे. मी गायत्री ऐकायची नाही असा संकेत. माझे कान काय मी डब्यात काढून ठेवत होते थोडेच. अडीच वर्षांत मला ती गाठही पाठ झाली आणि मंत्रही.

ह्यांच्या डाव्या हाताशी एक रिकामं पितळी फुलपात्र ठेवलेलं असे. हाक म्हणून हे ते जमिनीवर आपटत. एकदा आपटलं की पाणी, दोनदा आपटलं की कूस बदलून दे, तीनदा म्हणजे बाकीचं. मी मोजायला बसलेली असले तर तोंड उघडता येत नसे, म्हणून मी पायाने जमिनीवर एक थाप द्यायची. ऐकलं, थांबा, असा तिचा अर्थ.

थांबणं ह्यांच्या रक्तात नव्हतं. छत्तीस वर्षं शाळेच्या घंटेवर चाललेला माणूस. पाढा म्हणताना पोरगं अडखळलं तर पुढचा आकडा हेच ओरडायचे. थाप दिली तरी ह्यांचं फुलपात्र चालूच राहायचं, टण टण टण. पहिल्या वर्षी मी उठायची. साठ वेढ्यांवर, सत्तर वेढ्यांवर, एकदा तर नव्वदावर सूत सोडून उठले. त्यात मी सोवळ्यात. अंथरुणाला हात लागला की पुन्हा अंघोळ, मगच पुन्हा सूत. ह्यांना पाणी पाजणं हेही एकदम होण्यासारखं नव्हतं. तोंड वाकडं झालेलं, निम्मं पाणी पोटात आणि निम्मं उशीवर. उशीचा अभ्रा रोज वाळत घालावा लागे.

असं करता करता वातींचा डबा भरला आणि जानवी काही होईनात. त्रेचाळीस साल लागलं. लढाईमुळे गिरणीचं सूत मिळेना, तेव्हा सोवळ्याओवळ्याचं फारसं न पाहणारी माणसंही शास्त्रीबुवांकडे येऊ लागली. त्यांनी मला त्या वर्षी शंभर जोड सांगितले. म्हणजे जानवी दोनशे. रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळे जे काय करायचं ते उजेड होता तोवरच. मी मनाशी ठरवलं, आता मोजताना उठायचं नाही. हे काही तेवढ्यात मरत नाहीत.

हेच शब्द माझ्या मनात आले होते. मी ते झाकून ठेवत नाही.

मालनबाई एक दिवसाआड दूध घेऊन यायची. गावाबाहेर तिचा मळा, आणि बांधावर देवकापसाची दोन झाडं. जानव्यांचा कापूस तिच्याकडचाच. तिचा नवरा छगन ह्यांचा विद्यार्थी. सतराच्या पाढ्यापायी ह्यांनी त्याला इतक्यांदा अंगठे धरायला लावलं होतं की तो अजून ह्यांच्या समोर ताठ उभा राहत नसे. मालनबाईची पाठ मजबूत. ह्यांना कुशीवर वळवायचं तर मला धाप लागायची, ती एका हाताने वळवून टाकायची, आणि वर म्हणायची, "मास्तरीनबाई, मास्तरास्नी जपा. लई बेस मानूस हाय."

"जपतेय ना."

"तसं न्हाई. त्यांच्यावर तुमचं समदं हाय म्हनून म्हनते."

सगळा गाव हेच म्हणत असे. नीलांबरी म्हणे, देवळातला गुरव म्हणे. मी जपत होतेच. वेळेवर पेज, वेळेवर काढा, पाठीला जखम होऊ नये म्हणून राखेची पुरचुंडी. गावात कुणाचा रोगी इतका स्वच्छ नव्हता. पण हे मी ह्यांच्यासाठी करत होते की सुतासाठी, ते मला सांगता आलं नसतं. तेव्हा मी स्वतःला विचारलंही नाही. दोन्ही कामं एकाच खोलीत, एकाच हातांनी चालायची, वेगळी करायला सवड कुठे होती.

आषाढी एकादशी नुकतीच होऊन गेली होती. त्या दिवशी सकाळी एकशे नव्याण्णव जानवी गाठी मारून, हळद लावून, कळकाच्या पेटीत ठेवलेली होती. शेवटचं एक राहिलं होतं. सूत आदल्या दिवशीच काढून ठेवलेलं. ह्यांचं सगळं आवरलं, पेज चार चमचे गेली, उशीला कोरडा अभ्रा चढवला, मग मी अंघोळ केली आणि पाटावर ह्यांच्याकडे पाठ करून बसले. उजेड दारातून येई, म्हणून तशी बसायची सवय होती. पाठ करण्यात दुसरं काही नव्हतं.

एक्केचाळिसाव्या वेढ्याला फुलपात्र वाजलं. एकदा.

मी पायाने थाप दिली.

आता टण टण सुरू होईल म्हणून मी खांदे आवळून बसले. बेचाळीस, त्रेचाळीस. काही वाजलं नाही. पन्नास झाले, साठ झाले, खोली शांत. मला बरं वाटलं. अडीच वर्षांनी का होईना शहाणे झाले, असं मनात म्हटलं. ऐंशीनंतर बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत गेली. मी सावकाश शहाण्णव पुरे केले, सूत बोटांवरून काढलं, आणि मग मागे वळले.

डोळे माझ्या पाठीकडे लागलेले होते. हात फुलपात्रावर. मी थांबा म्हटलं होतं आणि हे थांबले होते.

मी रडले नाही. ओरडले नाही. उठून जवळही गेले नाही, कारण सूत हातात होतं आणि मी सोवळ्यात होते. हे आता लिहायला मला लाज वाटते, पण तेव्हा लाजही वाटली नाही. काहीच वाटलं नाही. पायाला मुंग्या आलेल्या असताना कुणी पाय दाबावा, दाबलेला दिसावा आणि कळू नये, तसं सगळं अंग झालं होतं. मी तशीच बसून राहिले आणि माझ्या डोक्यात एकच विचार आला: मी हाक मारीपर्यंत मी सुवासिनी आहे.

मग मी पुन्हा दाराकडे तोंड केलं. सूत तिपेडी केलं. पीळ दिला. पुन्हा तिपेडी केलं, पुन्हा पीळ दिला. हात कापले नाहीत. पीळ उलट एकसारखा बसला, इतका की नंतर त्याची आठवण आली तरी मला हातांचा राग येई. नऊ पदर जुळले. गाठ राहिली.

आता ह्यांची बोटं नव्हती. मी एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं आणि ह्यांच्यासारखे पदर फिरवले. मंत्रही म्हटला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ह्यांच्यासारखाच पुटपुटत. आकाश कोसळलं नाही. बायकांनी म्हणायचा नाही तो मंत्र मी म्हटला, आणि मोडही आला नाही, कारण तो मोजताना म्हटला नव्हता. असला हिशेब मी तेव्हा करत होते. दोनशेवं जानवं पुरं झालं.

मग मी उठले आणि ह्यांचे डोळे मिटले. अंग अजून ऊन होतं.

एवढ्यात मालनबाई दूध घेऊन दारात आली. तिने ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चरवी खाली ठेवली. "कवा?" म्हणाली.

"आत्ता."

ती आत जाऊन ह्यांच्यापाशी बसली, ह्यांचं डोकं उचलून नीट ठेवलं, उशी सरळ केली. मग शामकांताला निरोप धाडायला बाहेर पडली.

तासाभरात माणसं जमली. शामकांत आला, नीलांबरी आली, भटजी आले, शेजारच्या बायका आल्या. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. कुणीतरी म्हणालं, धक्का बसलाय, रडू द्या तिला, मोकळी होऊ दे. मला रडायचं नव्हतं आणि मोकळं व्हायचं नव्हतं. मला वाटत होतं, ही सगळी केव्हा जातात आणि मी पेटीचं झाकण केव्हा लावते.

तेवढ्यात मालनबाईने सगळ्यांच्या देखत, भटजींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मास्तरीनबाई, जाताना पानी घातलं न्हवं तोंडात? तुळशीपत्तर?"

बायका माझ्याकडे बघू लागल्या. नवऱ्याच्या शेवटच्या घोटाला बायकोचा हात लागला की नाही, हे कर्जतमध्ये पुढे दहा वर्षं बोललं गेलं असतं.

"घातलं," मी म्हणाले.

"झालं तर मंग," मालनबाई म्हणाली, आणि बाजूला झाली.

मला तिचा फार राग आला. नेमकं हेच विचारायचं होतं का हिला, असं वाटलं. त्या दिवसात मला वाटलेलं तेवढं एकच.

पुरुषांनी ह्यांना अंघोळ घातली. भटजी आत डोकावून म्हणाले, "काकू, नवं जानवं लागेल. तुमच्या घरी काय त्याला तोटा." पेटी माझ्या हाताशीच होती. एकशे नव्याण्णव तिच्यात, आणि दोनशेवं अजून माझ्या ओच्यात. माझा हात आधी पेटीकडे गेला. पेटीतलं एक दिलं असतं आणि ओच्यातलं पेटीत टाकलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पण माझ्याच्याने ते होईना. ज्याच्यासाठी ह्यांना थांबवून ठेवलं ते ह्यांचंच होतं. ते दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर जाऊन पडलेलं मला सोसलं नसतं. मी ओच्यातलं काढून दिलं.

भटजींनी ते हातात घेऊन उजेडात धरलं. गाठीवरून अंगठा फिरवला. "मास्तरांची गाठ," ते म्हणाले. "कशी बारीक बसवलीय बघा. शेवटपर्यंत हात चालला हो त्यांचा." शामकांताने डोळे पुसले.

मी हो म्हटलं.

पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. बांगड्या गेल्या, कुंकू गेलं. केसांना कुणी हात लावला नाही, तेवढी सुधारणा गावात आलेली होती. दहा दिवस मी सुतकात भिंतीला टेकून बसले. हातांना काही काम नव्हतं. बसल्या बसल्या उजवा हात डाव्या चार बोटांभोवती फिरू लागे, सूत नसतानाच. नीलांबरीने एकदा तो धरून खाली ठेवला. तेराव्याला शामकांत म्हणाला, "काकू, श्रावण लागायच्या आत या घराला कुलूप घालू." मी म्हटलं, "बघू."

चौदाव्या दिवशी शास्त्रीबुवा नगरहून मोटारीने आले. ते आत आले, ह्यांच्या रिकाम्या जागेला नमस्कार केला आणि बसले. मग म्हणाले, "वहिनी, विचारू नये, पण विचारावं लागतं. सगळी आधीची ना?"

"सगळी."

"मग सुतकाचा त्यांना बाध नाही." त्यांनी पेटी उघडली, जुड्या हलक्या हाताने उलटल्या. "एक कमी आहे."

"ते ह्यांच्याबरोबर गेलं."

शास्त्रीबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. "योग्य केलंत," ते म्हणाले. मला वाटलं, आता सांगून टाकावं. ते शास्त्री होते, त्यांना विचारता आलं असतं की एक्केचाळिसाव्या आणि शहाण्णवाव्या वेढ्याच्या मध्ये मी कोण होते. त्यांनी पोथी काढून काहीतरी निवाडा दिला असता. पण माझी अडचण पोथीतली नव्हती, आणि ती त्यांना सांगून त्यांचं तोंड बघत बसण्याइतकं त्राण मला नव्हतं.

निघताना ते दारात घुटमळले. पुढच्या वर्षीचं त्यांना बोलवेना. मीच म्हटलं, "ठाऊक आहे मला. जामखेडकरणीला द्या माझे जोड. तिचं सूत जाड येतं, तेवढं मात्र सांगा तिला."

"वाती कराल?" त्यांनी विचारलं. "चातुर्मासात वातींना फार मागणी असते. फुलवाती, लांब वाती, दोन्ही. बारा महिने लागतात. त्याला कुणाचाही हात चालतो. घरबसल्या, तुम्हाला सवड होईल तसं."

सवड म्हणे. मला आता सवडीशिवाय दुसरं काय होतं. पण मी हो म्हटलं, आणि संध्याकाळी शामकांताकडे जाऊन सांगितलं की कोपऱ्यात भांडी ठेवा, मी येत नाही. नीलांबरीचा चेहरा पडला असं मला दिसलं, तिला खरंच वाईट वाटलं असावं. तिच्याविषयी मी उगाच आकस धरला होता की काय कोण जाणे.

म्हणजे ज्या दोन खोल्यांसाठी मी ते शहाण्णव पुरे केले, त्या मला राहिल्याच. ते पुरे केले नसते तरी राहिल्या असत्या. मोड आलेलं सूत नाहीतरी वातींच्या डब्यातच जायचं होतं.

श्रावणात एका दुपारी मालनबाई कापसाचं गाठोडं घेऊन आली. पावसाने ओढ दिली होती, मळ्यात काम नव्हतं, म्हणून ती माझ्यासमोर बसून सरकी काढू लागली. मी डबा उपडा करून मोडाचं सूत आणि नवा कापूस एकत्र घेऊन वाती वळत होते. मी गप्प आहे हे पाहून तीही गप्प होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्यात बोललेलं चालतंय व्हय?"

"चालतं."

"मोडत न्हाई?"

"नाही. मध्ये उठलं तरी चालतं."

"मंग बरं हाय की हे काम." तिने सरकी बाजूला सारली. "वाईच पानी द्या वो. घसा सुकलाय."

आणि माझ्या पायाने जमिनीवर एक थाप दिली.

मी दिली नाही, ती पायाने दिली. मालनबाईला तिचा अर्थ ठाऊक असणारच, तिने अडीच वर्षं ती ऐकलेली होती. ती माझ्या पायाकडे बघत राहिली. मी उठले. मांडीवरच्या वाती सगळ्या खाली सांडल्या. तिच्यासाठी वेगळा पेला ठेवलेला असे, तो मी शोधत बसले नाही. ह्यांचं फुलपात्र कोनाड्यात होतं, तेच भरलं आणि तिच्या हातात दिलं.

"पाणी घातलं नव्हतं गं मी," मी म्हणाले. "त्यांनी मागितलं होतं. मी मोजत होते."

मालनबाईने फुलपात्र ओठाला लावलं नाही. हातात धरून ठेवलं. "म्या वळखलं हुतं," ती म्हणाली.

"कसं?"

"उशी कोरडी हुती. मास्तरास्नी पानी पाजलं की उशी भिजायचीच. डोकं उचललं तवाच हाताला कळलं मला."

"मग सगळ्यांच्या देखत विचारलंस कशाला?"

"तुमी घातलं म्हनावं म्हनून," ती म्हणाली. "एकदा चारचौघांत म्हनलं की पुना कुनी इचारत न्हाई. बाया मागनं लई बोलत्यात."

मी खाली बसले. अडीच वर्षांचं आणि त्या दिवसाचं आणि नंतरच्या सगळ्या दिवसांचं रडू मला तेव्हा आलं, मोठ्यांदा, तोंडाला पदर न लावता. मालनबाईने मला गप्प केलं नाही. पाणी प्यायली. मग सांडलेल्या वाती एक एक करून गोळा केल्या, फुंकर मारून धूळ उडवली आणि सुपात ठेवल्या.

बऱ्याच वेळाने तिने फुलपात्र जमिनीवर ठेवलं. ते नुसतं ठेवलं तरी वाजलं.

"आनि वाईच द्या," ती म्हणाली.

मी उठले.